काली नावाच्या कुत्रीचा दगड

बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात कॅडेटांना घेऊन गेलो की मी त्यांना आतकूरच्या शिळेपुढे उभे करतो आणि विचारतो, "काय दिसतं?" उत्तर ठरलेले असते : "सर, शिकार!" वर कुत्रा आणि रानडुक्कर झुंजताना कोरले आहेत, भोवती जुन्या कन्नडमधला लेख आहे.

शिकार खरीच. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरची ही शिळा शके ८७२ ची, म्हणजे इ.स. ९४९-५० ची. मणलेर नावाच्या योद्ध्याने पराक्रमाचे बक्षीस म्हणून गाव किंवा सोने न मागता काली नावाची शिकारी कुत्री मागितली. (आपल्या श्वानपथकातल्या हॅंडलरना हे पटेल.) पुढे एका मोठ्या रानडुकराशी लढताना दोघेही मेले. मणलेरने तिच्या स्मरणार्थ देवळासमोर दगड उभारला आणि पूजेसाठी जमीन लावून दिली.

पण मणलेरने पराक्रम गाजवला कुठे, हे लेखाच्या आधीच्या ओळींत आहे. तक्कोलमच्या रणात, आजच्या तमिळनाडूत अरक्कोणमजवळ. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण एका बाजूला, चोळ युवराज राजादित्य दुसऱ्या. कृष्णाचा मेहुणा गंग राजा बूतुग याने राजादित्याला ठार केले आणि बनवासीसारखे प्रांत मिळवले. मणलेर या बूतुगाचाच माणूस.

खरी गोष्ट पुढेच आहे. लेखाचे पहिले भाषांतर करताना जॉन फ्लीट यांनी एका ओळीवरून असा अर्थ काढला, की बूतुगाने राजादित्याला बेसावध गाठून दगाफटक्याने मारले. म्हणजे नऊशे वर्षांनी बूतुगाच्या माथी विश्वासघात बसला! सगळा घोटाळा 'बिसुगे' या शब्दाचा. पुढे फ्लीट यांनीच वाचन दुरुस्त केले. बिसुगे म्हणजे हत्तीवरची अंबारी. अंबारीलाच रणभूमी करून बूतुगाने त्याला मारले, असा तो अर्थ. चोळांचे लायडेन ताम्रपट राजादित्याला बाण लागल्याचे सांगतात आणि श्रेय कृष्णाला देतात, पण तो हत्तीवर लढता लढता पडला, हे तेही सांगतात. हरलेल्या पक्षाची ही साक्ष मला सर्वांत वजनदार वाटते. शत्रूच्या बूतुगाला वाचवण्याचे त्यांना काय कारण?

आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके असतात, त्यांवर लेख नसतो. ते खालून वर वाचायचे. तळाशी लढाई किंवा पळवलेली गुरे, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा, माथ्याला चंद्रसूर्य. सुट्टीत गावी जाल तेव्हा देवळामागचा एखादा शोधा, शस्त्रे नीट बघा, वहीत रेखाटन करा. त्यावर खडू किंवा तेल मात्र फासू नका. पालकांनाही ही विनंती आहे. रेखाटने पहिल्या तासाला आणा, पहिला प्रश्न तोच असेल : काय दिसतं?