चिन्हांची भाषा

मनातील विचार दुसऱ्यास कळावा म्हणून मनुष्याने भाषा निर्माण केली. गणितालाही अशीच स्वतःची भाषा आहे. अंक व अक्षरे हे तिचे शब्द होत. अधिक, वजा, बरोबर ही चिन्हे त्या शब्दांना जोडतात. आणि त्यांपासून समीकरणरूपी वाक्ये तयार होतात.

ही भाषा एका दिवसात किंवा एकाच देशात घडली नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणजे 'जितके तितके' असे म्हटले व त्याचे 'या' हे आद्याक्षर वापरले. ज्ञात संख्येआधी ते 'रू' लिहीत. एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवले असता १७ होतात, हे त्या पद्धतीने दोन ओळींत असे मांडता येते :

या २ रू ५
या ० रू १७

दोन्ही ओळी समान आहेत, हे मांडणीवरूनच समजावयाचे. आज आपण तेच '२क्ष + ५ = १७' असे लिहितो. यातील '=' हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श पंडिताने १५५७ साली छापलेल्या ग्रंथात योजले. 'याच्या बरोबर आहे' हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून त्याने दोन समांतर रेघा काढल्या. कारण त्यांहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

प्रत्येक भाषेस व्याकरण असते. 'दोन अधिक तीन गुणिले चार' असे नुसते म्हटले, तर कोणी २० म्हणेल, कोणी १४. परंतु (२ + ३) × ४ असे लिहिताच संशय फिटतो. एवढ्याशा कंसाने अर्थ निश्चित होतो.

मात्र वाक्य व्याकरणशुद्ध असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. '२ + ३ = ६' याची रचना निर्दोष आहे, पण ते असत्य आहे. सत्याची कसोटी तर्क हीच होय. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम सांगितले. त्यांतील बहुतेक नियम आजही मान्य आहेत. परंतु शून्याला शून्याने भागले असता शून्य येते, हा त्यांचा नियम टिकला नाही. १२ ला ४ ने भागून ३ येतात, कारण ३ × ४ = १२. त्याच न्यायाने पाहिले, तर ० × ० = ० हे जितके खरे, तितकेच ५ × ० = ० हेही खरे. मग उत्तर शून्य मानावे की पाच? कोणतीही संख्या चालत असल्यामुळे निश्चित उत्तर उरतच नाही.

यामुळे ब्रह्मगुप्तांची थोरवी उणी होत नाही. तथापि गणिताच्या राज्यात थोरांच्या शब्दालाही तर्काची संमती लागते. आणि ती संमती पडताळून पाहण्याचा अधिकार शाळेतील लहानशा विद्यार्थ्यालाही असतो.

स्वाध्याय
१. गणितास 'भाषा' का म्हटले आहे?
२. 'एका संख्येच्या तिपटीतून ४ वजा केले असता ११ उरतात' हे वाक्य चिन्हांत लिहा व ती संख्या काढा.