घराचे काम काढताना : डिझायनर की ठेकेदार?

कोकणातले चिऱ्याचे जुने घर. मालक आखातात नोकरीला. दोन महिन्यांच्या रजेत स्वयंपाकघर मोठे करायचे, न्हाणीघर आत घ्यायचे आणि जमल्यास मधली भिंत काढून बैठकीची खोली लांबवायची. ईदच्या आत उरकायचे म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला उचल दिली जाते आणि दुसऱ्याच दिवशी फोडाफोड सुरू! असे काम निम्म्यावर का अडते, ते आज पाहू.

आधी त्या मधल्या भिंतीविषयी. आरसीसीच्या इमारतीत भार खांब व तुळया घेतात, मधली विटांची भिंत बहुधा आडोशापुरती असते. चिऱ्याच्या घरात मात्र छप्पर किंवा स्लॅब भिंतीवरच टेकलेला असतो. ती काढायची तर आधी तुळई घालून भार दुसरीकडे न्यावा लागतो, आणि त्या तुळईचे माप नजरेच्या अंदाजाने ठरत नाही. इथे डिझायनर नको, ठेकेदारही नको. प्रथम स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावे. शहरातल्या फ्लॅटमध्ये सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्यावी.

भिंत हलत नसेल, फक्त फरशी, गिलावा आणि रंग असेल, तर आमच्या मते चांगला ठेकेदार पुरे. पण न्हाणीघराची जागा बदलते, ओटा फिरतो, वायरिंग नवे होते, तेव्हा नकाशा काढून घेतलाच पाहिजे. आर्किटेक्ट ही पदवी १९७२ च्या कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही; म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी केलेले एखादे काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे. फी टक्केवारीवर ठरली तर खर्च वाढेल तशी फीही वाढते. ठोक रक्कम बरी.

नकाशा हाती आला की तीन ठेकेदारांकडून त्याच नकाशावर दर मागवावेत. एकाचा दर सामानासह, दुसऱ्याचा नुसत्या मजुरीचा, अशी तुलना फसवी ठरते. प्लायची जात, फरशीचा आकार, तुटीचे प्रमाण कोणाच्या माथी, हे सारे कागदावर हवे.

आमच्या वाचकांत सुतार, गवंडी, फरशीवाले पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार उलटी असते : मालक रोज एक कपाट वाढवतो आणि हिशेबाच्या वेळी हात आखडतो. ती तक्रार खरी आहे. वाढीव काम ज्या दिवशी सांगितले त्याच दिवशी वहीत दरासह लिहून मालकाची सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो. पण ओळखीतलेच पैसे जास्त अडकतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता न्हाणीघराची परीक्षा झाल्यावर. वॉटरप्रूफिंगनंतर, फरशी बसवण्यापूर्वी, निचऱ्याचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवावे आणि खालच्या छताला ओल येते का पाहावे. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे लागते; तो पुरता वाळण्याआधी रंग दिला की पोपडे धरतात.

एवढे सगळे दोन महिन्यांत बसवायचे तर नकाशा, दर आणि परवानगी ही कामे रजेच्या आधीच फोनवरून उरकावी लागतात. विमानतळावरून घरी येईपर्यंत चिरा आणि वाळू अंगणात पडलेली असावी, तीही जूनचा पाऊस लागण्यापूर्वी.