एका शब्दाचे अनेक अर्थ कसे शिकवावेत?

चौथी-पाचवीच्या वर्गांत ‘शब्दांचे अर्थ लिहा’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शब्दापुढे एकच अर्थ अपेक्षिलेला असतो व मुलाने दुसरा लिहिल्यास त्यावर फुली पडते. दाभोळसारख्या बंदराच्या गावी ही पद्धत विशेष हानिकारक होय. ‘डोल’ म्हणजे झुलणे, हे पाठ्यपुस्तकास धरून योग्यच आहे. परंतु मच्छीमाराच्या मुलाला डोल म्हणजे प्रवाहात लावावयाचे पिशवीसारखे जाळे, तर दुसऱ्या एखाद्या घरी डोल म्हणजे विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्यांतील दोहोंवर फुली मारली, तर घरची भाषा शाळेत चालत नाही अशी मुलांची समजूत होते, आणि अशी मुले हळूहळू वर्गात बोलेनाशी होतात.

अनेकार्थी शब्द कसा वाढतो हे समजण्यासाठी ‘चावी’ हा शब्द घेऊ. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्कु द आल्मेडा याने दाभोळ लुटून जाळले व १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. पुढे त्यांच्याशी आलेल्या दीर्घ संबंधातून पाव, बटाटा, पगार, लिलाव यांप्रमाणे चावीही मराठीत रुळली. मूळ लॅटिन शब्द ‘क्लाविस’. त्यापासून पोर्तुगीजमध्ये ‘शावी’सारखा उच्चारला जाणारा शब्द झाला व स्पॅनिशमध्ये ‘यावे’ झाला. पोर्तुगीज शब्दाच्या आरंभी पूर्वी ‘च’ उच्चारला जाई. मराठीने तो जुना ‘च’ अद्याप जपला आहे.

स्पॅनिश ‘यावे’चे अर्थ पाहावेत : कुलपाची किल्ली, पाण्याची तोटी, नट आवळण्याचा पाना, कुस्तीतील पकड, आणि गणितातील महिरपी कंस. ही यादी पाठ करू गेल्यास कठीण वाटते. मात्र उघडणे, बंद करणे किंवा घट्ट धरून ठेवणे ही एकच कल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे, हे ध्यानी आले की यादी आपोआप लक्षात राहते. मराठीतही तसेच आहे. कुलपाला चावी लावतात, घड्याळाला चावी देतात, नळयोजनेचे पाणी सोडणारा मनुष्य चावी फिरवितो, आणि एखाद्याला भरीस घालणाराही त्याला ‘चावी देतो’.

मात्र रूप सारखे दिसले म्हणजे मूळ एकच असते असे नाही. मराठीतील ‘बंदर’ हा शब्द फारसीतून आला. हिंदीतील माकडवाचक ‘बंदर’ संस्कृत ‘वानर’ या शब्दापासून झाला. या दोहोंत दुवा शोधू नये. ते दोन निराळे शब्द आहेत, हेच मुलांना सांगावे.

वर्गात पुढील क्रम ठेवावा :

१. प्रथम अर्थ सांगू नये. एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी आलेली तीन-चार वाक्ये फळ्यावर लिहावीत.

२. प्रत्येक वाक्यातील अर्थ मुलांनी संदर्भावरून ओळखावा.

३. या सर्वांत समान काय आहे, हे विचारावे. समान धागा न सापडल्यास ओढूनताणून जोडू नये.

४. हाच शब्द घरी, बाजारात वा होडीवर कोणत्या अर्थाने वापरतात, हे वडीलधाऱ्यांना विचारून येण्यास सांगावे. आलेले अर्थ, ते सांगणाऱ्या मुलाच्या नावासह, वर्गाच्या शब्दवहीत नोंदवावेत.

५. चाचणीत सुटा शब्द न देता वाक्य द्यावे. सुटा शब्द दिल्यास व्यवहारात असलेला कोणताही अर्थ ग्राह्य मानावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. एखादा अर्थ आपणांस अपरिचित असल्यास फुली मारण्यापूर्वी मुलाला त्या शब्दाचे एक वाक्य करावयास सांगावे. वाक्य नीट जुळले, तर उत्तर बरोबर समजावे, आणि तो नवा अर्थ शिक्षकांनी आपल्या टिपणवहीतही उतरून घ्यावा.