मोकळ्या केसांभोवतीची पांढरी कड

प्रश्न : फोटोशॉपमध्ये नवरीचा फोटो कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला, की मोकळ्या केसांभोवती पांढरट कड दिसते. फेदर वाढवूनही जात नाही. काय करावे?

उत्तर : फेदर आधी शून्यावर आणा. फेदरने कड फक्त धूसर होते, केस सुटे होत नाहीत. सिलेक्शन झाल्यावर ‘सिलेक्ट अँड मास्क’ उघडा आणि ‘ऑन लेयर्स’ व्ह्यू निवडा. नवी पार्श्वभूमी मागे दिसत असेल तरच कडेचा दोष कळतो. आता ‘रिफाइन एज ब्रश’ केसांच्या टोकांवरून, थोडा बाहेर जाईल असा फिरवा. खांदे, साडीचा काठ, दागिने यांना तो अजिबात लावू नका. ठाम कडा तो कुरतडतो. मग ‘शिफ्ट एज’ थोडे उणे करा, म्हणजे कड आत सरकेल.

तरीही पांढरेपणा उरला, तर ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ वापरा. ते कडेच्या पिक्सेलना शेजारच्या केसांचा रंग देते. यात पिक्सेलचे रंगच बदलतात, म्हणून निकाल मास्कसह नव्या लेयरवर घ्या आणि मूळ लेयर जपून ठेवा. चुकार बटांसाठी मात्र मास्कवर बारीक ब्रशने हाताने रंगवणेच मला सर्वांत भरवशाचे वाटते.