विटा, चुना आणि कमान : स्थापत्यशैलीला नाव कोणाचे द्यावे?

1. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• स्तंभ-तुळई आणि कमान-घुमट या दोन बांधकाम पद्धतींमधील फरक सांगता येईल.
• स्पेनमधील मुदेहार स्थापत्य आणि महाराष्ट्रातील मराठाकालीन स्थापत्य यांतील साम्य स्पष्ट करता येईल.
• बांधकामाविषयीच्या मराठी शब्दांवरून सांस्कृतिक देवाणघेवाणीचा मागोवा घेता येईल.
• एखाद्या वास्तूला केवळ धर्माच्या नावाने ओळखणे का अपुरे ठरते, याची चर्चा करता येईल.

2. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यवतमाळ शहराच्या पश्चिमेस लोहारा हे गाव आहे. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या महालांमध्ये ‘योत-लोहारा’ असे नाव येते. यातील ‘योत’ म्हणजे आजचे यवतमाळ. याच लोहाऱ्यात कमलेश्वराचे मंदिर असून ते हेमाडपंती धाटणीचे म्हणून ओळखले जाते. यादव काळात रूढ झालेली मंदिरबांधणीची परंपरा आणि फारसी दफ्तरातील नोंद या दोन्ही गोष्टी एकाच गावाच्या वाट्याला आल्या आहेत. महाराष्ट्राच्या वास्तुपरंपरेतही असेच दोन प्रवाह एकत्र आले. ते कसे एकत्र आले, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

3. विषय-विवेचन

3.1 तुळई आणि कमान

हेमाडपंती बांधणीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेले असतात. दोन खांबांवर आडवी तुळई आणि तुळयांवर छत, अशी तिची रचना असते. दगड दाब उत्तम सहन करतो. पण वाकविणारा ताण त्याला सोसत नाही. त्यामुळे तुळई फार लांब ठेवता येत नाही आणि सभामंडपात खांबांची दाटी होते.

कमानीचे तत्त्व निराळे आहे. कमानीतील प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर रेलते आणि वरचे वजन दोन्ही बाजूंना वाहून नेले जाते. येथे विटेवर फक्त दाब येतो. म्हणून हातात मावणाऱ्या लहान विटांनीही रुंद अंतर झाकता येते. कमान सर्व दिशांनी फिरविली की घुमट तयार होतो. मात्र त्यासाठी विटांना धरून ठेवणारा चुना हवा आणि चुना घट्ट होईपर्यंत खालून लाकडी आधार हवा.

दख्खनमध्ये हे तंत्र सुलतानांच्या राजवटीत, म्हणजे चौदाव्या शतकापासून, मोठ्या प्रमाणावर रुजले.

3.2 तेरुएलचे मनोरे

असाच प्रवास युरोपातही घडला. स्पेनचा मोठा भाग काही शतके मुस्लिम राजवटीखाली होता. पुढे ख्रिस्ती राजांनी एकेक शहर जिंकून घेतले. तोलेदो 1085 मध्ये, तर आरागोन प्रांतातील तेरुएलचा प्रदेश 1171 मध्ये त्यांच्या ताब्यात आला. जिंकलेल्या प्रदेशात अनेक मुस्लिम कुटुंबे राहिली. त्यांना ‘मुदेहार’ म्हणत. ‘राहू दिलेला’ अशा अर्थाच्या अरबी शब्दापासून हे नाव आले आहे.

या समाजात कुशल गवंडी होते. तेरुएलच्या ख्रिस्ती चर्चचे घंटामनोरे त्यांच्याच परंपरेतून उभे राहिले. 1315-16 मध्ये बांधलेला सान मार्तीन चर्चचा मनोरा पाहा. तो विटांचा आहे. एकमेकींत गुंफलेल्या कमानींची नक्षी आणि हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशा त्याच्या अंगावर आहेत. त्याची रचना म्हणजे एका मनोऱ्यात दुसरा मनोरा आणि दोहोंच्या मधून चढत जाणारा जिना. मशिदींच्या मिनारांची हीच रचना असे. येथे मात्र वरून बांगेऐवजी घंटानाद होत असे.

या कारागिरांच्या वंशजांचे पुढे काय झाले? आरागोनमध्ये 1526 मध्ये त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती झाली आणि 1609 ते 1614 या काळात धर्मांतरितांनाही देशाबाहेर घालविण्यात आले. मनोरे राहिले, ते ज्या समाजाच्या हातांनी घडले, तो समाज राहिला नाही. ‘मुदेहार’ हे नाव शैलीला मिळाले तेही बऱ्याच उशिरा, 1859 मध्ये, होसे आमादोर दे लोस रिओस या अभ्यासकाने केलेल्या भाषणातून. तेरुएलच्या या वास्तूंचा 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

3.3 महाराष्ट्रातील उदाहरणे

आता आपण महाराष्ट्राकडे वळू. सत्तांचा क्रम येथे निराळा असला, तरी कारागिरीचा प्रवास पुष्कळसा सारखा आहे.

(अ) *सिंदखेडराजा* : बुलढाणा जिल्ह्यातील या गावी जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव यांची समाधी आहे. 1629 मध्ये दौलताबाद येथे त्यांची हत्या झाली. चौरस, भव्य आणि कमानींनी सजलेल्या या वास्तूची धाटणी तत्कालीन दख्खनी मकबऱ्यांची आहे. स्मरण मात्र एका मराठा सरदाराचे आहे.

(आ) *बीबी-का-मकबरा* : औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील ही वास्तू 1660 च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या प्रवेशद्वारावरील लेखात स्थापती म्हणून अताउल्ला आणि अभियंता म्हणून हंसपतराय यांची नावे आहेत. एकाच वास्तूच्या उभारणीत दोन धर्मांच्या तंत्रज्ञांचा वाटा होता, याचा हा कोरीव पुरावा होय.

(इ) *शनिवारवाडा* : पुण्यातील या वाड्याचा पाया पहिल्या बाजीरावांच्या काळात 10 जानेवारी 1730 रोजी घातला गेला आणि 1732 मध्ये वास्तुशांत झाली. तटाचा खालचा भाग दगडी, तर वरचा भाग विटांचा आहे. टोकदार कमानीचा दिल्ली दरवाजा आणि त्यावरील नगारखाना सुलतानी व मोगल परंपरेशी नाते सांगतात. मराठा वाड्यांतील नक्षीदार महिरपी आणि सुरूच्या आकाराचे लाकडी खांब हेही त्याच परंपरेतले आहेत.

(ई) *घृष्णेश्वर मंदिर* : वेरूळच्या या ज्योतिर्लिंगाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारले. त्याचा खालचा भाग तांबड्या दगडाचा असून वरचे शिखर वीट-चुन्याचे आहे. म्हणजे शिवमंदिराचे पारंपरिक शिखर घडविण्यासाठीही वीट-चुनाच वापरला गेला.

3.4 शब्दांची साक्ष

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जवळचा पुरावा भाषेत आहे. ‘वीट’, ‘चुना’, ‘भिंत’, ‘खांब’ हे शब्द संस्कृतातील इष्टका, चूर्ण, भित्ति, स्कम्भ यांपासून आले. ‘कमान’, ‘महिरप’, ‘घुमट’, ‘बुरूज’, ‘हौद’, ‘दालन’, ‘गिलावा’ हे मात्र फारसी-अरबीतून आले. सामग्री आपल्याकडे पूर्वीपासून होती. ती रचण्याच्या काही रीती बाहेरून आल्या आणि येताना आपली नावेही घेऊन आल्या. स्पॅनिशमध्येही हेच दिसते. विटेसाठीचा ‘लाद्रियो’ हा शब्द लॅटिनमधून, तर गवंड्यासाठीचा ‘अल्बान्यिल’ हा अरबीतून आला आहे.

3.5 नाव आणि जतन

‘मुदेहार’ हे नाव पाच शतकांनंतर मिळाले. ‘हेमाडपंती’ हे नाव यादवांचा मंत्री हेमाद्री याचे; पण या धाटणीची अनेक मंदिरे त्याच्या आधीची आहेत. नावे अभ्यासासाठी सोयीची असतात. परंतु वास्तूचे सर्व श्रेय एका व्यक्तीच्या किंवा एका धर्माच्या खात्यावर मांडले की कारागीर दृष्टीआड होतो. ‘ही आपली’ आणि ‘ती त्यांची’ अशी वाटणी झाली की निम्मा वारसा दुर्लक्षित राहतो.

कारागिराबरोबर त्याचे ज्ञानही हरवते. पूर्वी चुना घाणीत दळून, काही ठिकाणी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालून मुरवीत. अशा चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि वीट झडू लागते. तेरुएलच्या मनोऱ्याचा पायाही ओलीने खचत होता. सोळाव्या शतकात तो दुरुस्त करावा लागला. म्हणून दुरुस्तीपूर्वी वास्तू कोणत्या हातांनी आणि कोणत्या रीतीने बांधली, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

4. सारांश

वास्तुशैली कारागिरांच्या हातांतून आणि त्यांच्या शब्दांतून प्रवास करते. मिनाराची रचना चर्चच्या मनोऱ्यात आली, मकबऱ्याची धाटणी मराठा समाधीत उतरली आणि शिवमंदिराचे शिखर वीट-चुन्यात घडले. बांधविणाऱ्याचा धर्म आणि बांधण्याची पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून वास्तू पाहावी लागते.

5. शब्दार्थ

*तुळई* : दोन आधारांवरील आडवा दगड किंवा लाकूड.
*महिरप* : नक्षीदार कमान.
*गिलावा* : भिंतीवरील लेप.

6. स्वाध्याय

1. कमानीमुळे लहान विटांनी मोठे अंतर कसे झाकता येते, ते स्पष्ट करा.
2. ‘मुदेहार’ आणि ‘हेमाडपंती’ या नावांच्या मर्यादा सांगा.
3. शब्दव्युत्पत्ती हा इतिहासाचा पुरावा कसा ठरतो, ते सोदाहरण लिहा.

7. क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील जुने मंदिर, दर्गा, वाडा किंवा गढी पाहा. तेथे तुळई आहे की कमान, चुना आहे की सिमेंट, याची नोंद करा. गावातील वयस्क गवंड्यांना भेटून बांधकामातील दहा शब्द त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. ज्यांच्याकडून शब्द मिळाले त्यांचे नाव, त्यांच्या संमतीने, वहीत अवश्य नोंदवा.