दादांची कोंबडी

जिंतूर, 18 जानेवारी 2021

चि. बापूस,

परवा बोरीहून आलेल्या माणसानं सांगितलं की, एक म्हातारी तुझ्या दुकानापुढं कोंबडी घ्यावी की नको म्हणून घुटमळत होती आणि तू चारचौघांत तिला हसलास. खरं आहे का?

मुरुंब्याचं तिनंही ऐकलं असणारच. सुमारे 800 कोंबड्या मेल्या, तो बर्ड फ्लूच निघाला. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, माणूस दचकणारच. खुळी भीती याच्या पुढची. नीट शिजवलेलं खाल्लं तरी रोग होतो, ही. 70 अंशांवर हा विषाणू टिकत नाही आणि आपल्याकडचा रस्सा रटरटून उकळतो. हे तिला सांगितलंस, की नुसताच हसलास?

गेल्या वर्षी कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाईलवर फिरली आणि भाव कोसळले. तेव्हा हसू आलं होतं का तुला?

2006 साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. कुठं नंदुरबार जिल्हा, कुठं आपण! तरी तुझ्या काकाचं दुकान ओस पडलं. काका तेव्हा तोंडाळ. चौकशीला आलेल्या मास्तरांना म्हणाला, "शिकलेले असून घाबरता?" पुढं साथ सरली, बाकीची गिऱ्हाइकं परतली. मास्तर मात्र दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. काकाला ते अजून दिसतात.

दुकान वाचलं ते थोरल्या भावामुळं, दादांमुळं. रोज संध्याकाळी, बाजार भरलेला असताना यायचे, पिंजऱ्यातली कोंबडी स्वतः निवडून समोर कापून घ्यायचे. घरी वहिनी वैतागायच्या, रोज रोज काय हे! आठवड्याभरानं दादांच्या मागं दुसरा माणूस उभा राहिला.

तेव्हा पिंजरा पुढं ठेव. माल कुठल्या शेडचा, ते विचारण्याआधी सांग. पक्षी मलूल दिसला तर विकू नकोस, जनावरांच्या दवाखान्यात कळव. पाव किलो मागितलं तर पाव किलो दे. नको म्हणाली तर जाऊ दे. हसू नकोस, एवढंच.

काका फार बोलला. पहाटेच्या थंडीत पाण्यात हात घालून तुझी बोटं फुटतात, हे त्याला ठाऊक आहे. खोबरेल लावत जा.

दादा असते तर तेच आले असते. आता रविवारी पहिल्या गाडीनं काका येतोय. आधी कापून ठेवू नकोस, बाजार भरल्यावर निवडायचीय. वहिनींना रस्सा जास्त करायला सांग.

आणि त्या म्हातारीचं घर दाखव.

तुझा काका