भारतीय फुटबॉलचे राष्ट्रीय विजेते : एका यादीचा अभ्यास

कॅडेट मित्रांनो, ड्युरँड कप हे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा सैन्याने वाढवली. तिच्या विजेत्यांत गोरखा ब्रिगेड आहे (१९६६ आणि १९६९), आर्मी ग्रीनही आहे (२०१६). पण ‘भारताची राष्ट्रीय लीग कोणी कोणी जिंकली?’ असे विचारले, तर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन नावांपुढे उत्तर सहसा जात नाही. ही यादी मोठी नाही. पाठ करायची म्हटली तर एका संध्याकाळचे काम आहे. मात्र यादी पाठ करणे वेगळे आणि वाचणे वेगळे. नीट वाचली तर या यादीतून देशाचा नकाशा दिसतो, पैशाची वाट दिसते, आणि जिंकलेले संघ टिकतात का, या प्रश्नाचे उत्तरही सापडते.

बाद स्पर्धा आणि साखळी स्पर्धा

ड्युरँड, मुंबईचा रोव्हर्स कप (१८९१), कोलकात्याची आयएफए शिल्ड या आपल्या जुन्या स्पर्धांचा कणा बाद पद्धतीचा. हरला तो घरी गेला. अशा स्पर्धेत एक चांगला आठवडा संघाला विजेता करू शकतो. लीग म्हणजे साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. दहा संघ असतील तर प्रत्येकाचे १८ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. म्हणजे जास्तीत जास्त ५४ गुण. येथे एक दिवस चमकून भागत नाही. पाऊस, लांबचा प्रवास, जायबंदी खेळाडू, पाहुण्या मैदानावरचा गोंगाट हे सगळे सोसून महिनोन्‌महिने गुण गोळा करावे लागतात. लष्करी भाषेत सांगायचे तर बाद सामना ही चकमक आहे आणि लीग ही मोहीम आहे. मोहिमेत रसद लागते.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन झाला. राज्यांची संतोष ट्रॉफी १९४१ मध्ये आणि क्लबांचा फेडरेशन कप १९७७ मध्ये सुरू झाला. पण देशभरच्या क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडले. २००७ मध्ये तिचे नाव ‘आय-लीग’ झाले.

विजेत्यांची यादी

राष्ट्रीय फुटबॉल लीग
१९९६-९७ जेसीटी
१९९७-९८ मोहन बागान
१९९८-९९ साळगावकर
१९९९-२००० मोहन बागान
२०००-०१ ईस्ट बंगाल
२००१-०२ मोहन बागान
२००२-०३ ईस्ट बंगाल
२००३-०४ ईस्ट बंगाल
२००४-०५ धेंपो
२००५-०६ महिंद्र युनायटेड
२००६-०७ धेंपो

आय-लीग
२००७-०८ धेंपो
२००८-०९ चर्चिल ब्रदर्स
२००९-१० धेंपो
२०१०-११ साळगावकर
२०११-१२ धेंपो
२०१२-१३ चर्चिल ब्रदर्स
२०१३-१४ बेंगळुरू
२०१४-१५ मोहन बागान
२०१५-१६ बेंगळुरू
२०१६-१७ ऐजॉल
२०१७-१८ मिनर्व्हा पंजाब
२०१८-१९ चेन्नई सिटी
२०१९-२० मोहन बागान
२०२०-२१ गोकुळम केरळ
२०२१-२२ गोकुळम केरळ

हे एकूण २६ हंगाम आणि १२ क्लब. राज्यवार मोजले तर गोवा ९, पश्चिम बंगाल ८, पंजाब, कर्नाटक आणि केरळ प्रत्येकी २, महाराष्ट्र, मिझोराम आणि तामिळनाडू प्रत्येकी १. आता यादीवर पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारा : एक २००३-०४ च्या खाली, दुसरी २०१२-१३ च्या खाली. आठ, नऊ आणि नऊ हंगामांचे तीन भाग पडतील.

पहिले आठ हंगाम : कोलकात्याचा पगडा

पहिली लीग मात्र कोलकात्याला मिळाली नाही. ती पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाने जिंकली. सुखविंदर सिंग त्यांचे प्रशिक्षक होते. सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने १४ गोल करून त्या हंगामात सर्वांना मागे टाकले. त्यानंतरच्या सात हंगामांपैकी सहा कोलकात्याच्या दोन क्लबांनी वाटून घेतले. अपवाद एकच : १९९८-९९ चा साळगावकर, लीग जिंकणारा गोव्याचा पहिला संघ.

कोलकात्याचे हे वर्चस्व अचानक आलेले नव्हते. तेथील स्थानिक लीग १८९८ पासून चालू आहे. आयएफए शिल्डच्या १९११ च्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले, तेव्हापासून हा खेळ बंगालच्या अभिमानाचा भाग झाला. राष्ट्रीय लीग नवी होती. साखळी पद्धतीने खेळायची सवय मात्र या क्लबांना अनेक दशकांची होती.

पुढचे नऊ हंगाम : कोकण किनारा

दुसऱ्या भागातील नऊ नावांवर बोट फिरवा. आठ वेळा गोवा, एकदा मुंबई. सलग नऊ वर्षे देशाचे विजेतेपद अरबी समुद्राच्या एका पट्टीबाहेर गेलेच नाही!

गोव्यात १८८३ मध्ये शिवोली गावी एका पाद्र्याने फुटबॉल आणला असे सांगतात. गावोगावच्या मैदानांवर हा खेळ रुजला आणि पुढे खाणी व जहाजांचा व्यवसाय असलेल्या घराण्यांनी क्लब पोसले. खेळाडू गावचे, पगार कंपनीचा, अशी ही जोडी होती. धेंपोची पाचही विजेतेपदे आर्मांदो कुलासो या एकाच गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली आली. त्यांपैकी पहिल्याला दुःखाची किनार आहे. डिसेंबर २००४ मध्ये बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर याने दोन गोल केले. दुसऱ्या गोलाच्या वेळी झालेल्या धडकेनंतर तो मैदानातच कोसळला आणि दगावला. क्लबने त्याचा १० क्रमांकाचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला. त्याच हंगामात धेंपो प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले एकमेव विजेतेपद २००५-०६ चे. कूपरेजवर खेळणाऱ्या महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्या हंगामात फेडरेशन कप आणि लीग दोन्ही जिंकले.

शेवटचे नऊ हंगाम : नवी गावे

तिसऱ्या भागात गोव्याचे नाव एकदाही नाही. ईस्ट बंगालचेही नाही. २००४ नंतर त्यांना ही लीग पुन्हा जिंकता आली नाही. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूने सुनील छेत्रीच्या नेतृत्वाखाली पहिल्याच हंगामात विजेतेपद घेतले. २०१५ मध्ये मोहन बागानला शेवटच्या सामन्यात बेंगळुरूविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ते एका गोलाने मागे होते. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना बेल्लो रझाकने कॉर्नरवर हेडर मारला, सामना १-१ झाला आणि अकरा वर्षांनी लीग कोलकात्यात परतली. पुढे गोकुळम केरळने आय-लीगच्या काळात प्रथमच लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली.

गणित : ऐजॉल, २०१६-१७

या भागातील सर्वांत अभ्यासण्यासारखा हंगाम ऐजॉलचा. आधीच्या हंगामात हा संघ खालच्या गटात ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार सारे मिझोराम राज्य ११ लाखांच्या आसपास लोकवस्तीचे. प्रशिक्षक खालिद जमील मुंबईच्या मैदानांवरचे, महिंद्र युनायटेडचे माजी खेळाडू. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता. ऐजॉल आधी पिछाडीवर पडले, मग बरोबरी साधली आणि १-१ वर सामना संपला. तेवढा एक गुण पुरला.

गुणतक्ता पाहा :

ऐजॉल : १८ सामने, ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, ३७ गुण.
मोहन बागान : १८ सामने, १० विजय, ६ बरोबरी, २ पराभव, ३६ गुण.

मोहन बागान कमी वेळा हरले, तरी दुसरे आले. विजयाला दोनच गुण देण्याची जुनी पद्धत असती तर दोघांचेही २६ गुण झाले असते. तीन गुणांच्या नियमात दोन बरोबऱ्यांपेक्षा एक विजय आणि एक पराभव अधिक मोलाचा ठरतो. न हरण्यासाठी खेळणाऱ्यापेक्षा जिंकण्यासाठी खेळणाऱ्याला हा नियम झुकते माप देतो, आणि त्या वर्षी विजेतेपद त्यावरच ठरले.

२०२२ नंतर : दोन प्रकारचे विजेते

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. काही वर्षे दोन्ही लीग शेजारी शेजारी चालल्या. २०२२-२३ पासून आय-लीग दुसऱ्या पायरीची झाली आणि त्या वर्षी ती जिंकणारा राउंडग्लास पंजाब वरच्या लीगमध्ये चढला. २०२४-२५ पर्यंत सुपर लीगमध्ये साखळीनंतर बाद फेरी होत असे, आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याला चषक मिळत असे. २०१९-२० पासून साखळीत पहिल्या आलेल्या संघाला वेगळी ‘शिल्ड’ मिळू लागली. पहिली शिल्ड एफसी गोवाची. पुढे मुंबई सिटी, जमशेदपूर, पुन्हा मुंबई सिटी, मग २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागान.

२०२३-२४ मध्ये गंमत झाली. साखळीच्या शेवटच्या सामन्यात मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ हरवून शिल्ड घेतली. तीनच आठवड्यांनी त्याच कोलकात्यात मुंबई सिटीने त्यांना ३-१ हरवून चषक नेला. खरा विजेता कोण? मोहिमेचा हिशेब धरला तर मोहन बागान, निर्णायक लढाईचा धरला तर मुंबई. दोन्ही एकाच हंगामात जिंकण्याचा मान २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागानने मिळवला.

जिंकले, पण टिकले का?

आता यादी शेवटची एकदा वाचा. पहिला राष्ट्रीय विजेता जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. महिंद्र युनायटेड त्याआधीच, २०१० मध्ये. दोन्ही संघ मैदानावर संपले नाहीत. ज्या कंपन्यांनी ते चालवले त्यांनीच ते थांबवले. सुपर लीगला वरचे स्थान देण्याच्या आराखड्याला विरोध म्हणून साळगावकर आणि धेंपो २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. म्हणजे पहिल्या सतरा हंगामांतले सात विजेते क्लब घेतले, तर त्यांतले चार पुढे या लीगमध्ये उरले नाहीत, असे २०१६ साली दिसत होते. धेंपो मात्र खालून पुन्हा चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

मोहन बागान १८८९ पासून उभा आहे, पण त्यालाही मोकळी वाट मिळाली नाही. २०२० मध्ये त्याचा फुटबॉल संघ एटीके या सुपर लीगच्या संघाशी जोडला गेला. नावापुढे लागलेले ‘एटीके’ समर्थकांना रुचले नाही. त्यांनी विरोध चालू ठेवला आणि २०२३ मध्ये ते काढले गेले. पैसा कंपनीचाच राहिला. नाव लोकांनी परत मिळवले. जेसीटी बंद झाला तेव्हा त्याच्या पाठीशी असे लोक पुरेसे नव्हते. क्लबला पैसा देणारा हवाच, पण तो हात काढून घेईल त्या दिवशी ‘हा संघ आमचा’ म्हणणारे गावही हवे. या यादीचा धडा हाच.

एक शेवटचे निरीक्षण. बाद स्पर्धांत इतका पराक्रम केलेल्या सैन्याचा एकही संघ या यादीत नाही. लीगला वर्षभर एकत्र राहणारा चमू लागतो, आणि जवानाचे पहिले कर्तव्य त्याच्या युनिटशी असते. ही उणीव मानायची की स्वाभाविक गोष्ट, यावर वर्गात चर्चा व्हावी.

स्वाध्याय

१. दहा संघांच्या दुहेरी साखळीत एकूण किती सामने होतात, ते काढा.
२. एका संघाचे ९ विजय, ९ बरोबरी. दुसऱ्याचे १२ विजय, ६ पराभव. दोन आणि तीन गुणांच्या पद्धतीने कोण वर राहील?
३. भारताच्या नकाशावर बाराही विजेत्या क्लबांची शहरे दाखवा. कोणते मोठे भूभाग रिकामे राहतात?
४. आपल्या शाळेच्या आंतरसदन स्पर्धेसाठी बाद पद्धत योग्य की साखळी? दहा ओळींत कारणे द्या.